जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार : छंदातून व्यवसायाकडे

मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने अनेक दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रवाशांचा निरोप घेतला. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ सालची होती आणि वीस वर्षांची मुदत भरताच ती सेवेतून निवृत्त झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात या मोटारी तयार होत. महिंद्रांच्या जीपगाड्यांची जुळणीही प्रथम मुंबईतच, १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. या दोन्ही प्रकारच्या गाड्या आजही राज्यातील अनेक वाड्यांच्या पडवीत, गोठ्याशेजारी किंवा ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आढळतात. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी भंगारात घालण्यास घरच्या मंडळींचे मन धजत नाही.

अशा गाड्या दुरुस्त करण्याचा छंद असलेले तरुण तालुक्याच्या गावीही भेटतात. स्वतःची किंवा नातेवाइकांची एखादी गाडी त्यांनी मोठ्या हौसेने चालू केलेली असते. गावात वाहवा होते, मग शेजारच्या गावातून दुसरी गाडी येते आणि याचाच व्यवसाय का करू नये, असा विचार मनात घोळू लागतो. हा विचार स्वागतार्ह आहे. तथापि, हातात कसब असूनही अनेकांचा व्यवसाय तग धरत नाही, याची दोन प्रमुख कारणे आहेत : गंजाची पूर्ण तपासणी न करता दिलेला शब्द, आणि स्वतःच्या श्रमाच्या तासांचा न ठेवलेला हिशेब. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीच्या अडचणींवर मात करता येते.

गंजाची परीक्षा

जुन्या मोटारीचा खरा शत्रू गंज होय. कोकणच्या खाऱ्या हवेत तो लवकर धरतो, परंतु घाटावरील गाड्याही त्यातून सुटत नाहीत. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मातीने बुजतात, आत पाणी साचते आणि पत्रा आतून कुजतो. चाकांवरील कमानी, पायाखालच्या गालिच्याखालील तळ, डिकीतील स्टेपनीची जागा आणि दरवाजांखालील आडवे पट्टे ही गंजाची ठरलेली ठिकाणे आहेत. बाहेरून दिसणारा रंगाचा एक फुगा आत वीतभर गंज लपवून असू शकतो.

येथे गाडीची रचना समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या जीपमध्ये लोखंडी चासी स्वतंत्र असते आणि तिच्यावर बॉडी बसविलेली असते. पद्मिनीची गोष्ट निराळी. तिला स्वतंत्र चासी नाही; तळ, पट्टे आणि खांब जोडून झालेला सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे दरवाजाखालचा पट्टा कुजला तर केवळ शोभा जात नाही, गाडीचे बळच जाते. अशा पट्ट्यावर गॅरेजच्या भाषेत ज्याला 'लांबी' म्हणतात ते पुट्टीचे लिंपण करून वर चकचकीत रंग मारला, तर गाडी नवी दिसेल. परंतु अपघाताच्या वेळी आतील माणसांना ती वाचवू शकणार नाही. गंज लपविणे ही फसवणूक तर आहेच, शिवाय ती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

परीक्षेची साधने साधी आहेत. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे जाड लांबी भरलेली आहे असे समजावे. तळाच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐकावा. घट्ट पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला पत्रा बद्द आवाज देतो. गालिचे काढून, गाडी जॅकवर उचलून व भक्कम स्टँडवर ठेवूनच ही पाहणी करावी. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

पाहणीनंतर गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा आणि तेथे त्याच जाडीचा नवा पत्रा जोडावा. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने त्यावर लाटा उठतात. म्हणून दूर दूर अंतरावर टिपके मारीत, मध्ये पत्रा थंड होऊ देत काम पुढे न्यावे. लांबीचा उपयोग शेवटची बारीक सपाटी साधण्यापुरताच असावा. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड होऊ लागला तर पत्र्याचे काम अपुरे राहिले आहे असे खुशाल समजावे.

तासांचा हिशेब

हौशी माणूस रविवार-रविवार काम करतो आणि किती तास गेले ते मोजत नाही. व्यवसायात मात्र तास हेच भांडवल आहे. उदाहरणादाखल एका लहान कार्यशाळेचा महिन्याचा हिशेब पाहू. शेडचे भाडे ८,००० रुपये, वीज ४,०००, मदतनिसाचा पगार १५,०००, कर्जाचा हप्ता ६,०००, हत्यारांची झीज ३,००० आणि मालकाचा स्वतःचा मेहनताना २४,००० असे धरल्यास एकूण ६०,००० रुपये होतात. (पगार प्रचलित किमान वेतनाहून कमी असू नये, हे ओघानेच आले.) दोन माणसे, महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास या मानाने ४०० तास भरतात. परंतु सुटे भाग शोधणे, गिऱ्हाइकांशी बोलणे, साफसफाई यांत बराच वेळ जातो. प्रत्यक्ष कामाचे २४० तास हाती लागले तरी पुष्कळ. म्हणजे एका तासाचा खर्च २५० रुपये पडला.

आता एखाद्या गाडीचे पट्टे, तळ व कमानी यांच्या कामास १६० तास लागले तर मजुरीच ४०,००० रुपये होते. हौशी तरुण ओळखीखातर अंदाजाने २०,००० रुपये सांगून मोकळा होतो आणि ८० तास फुकट राबतो. अशा तीन गाड्या झाल्या की कर्जाचा हप्ता थकतो. मग उरलेले काम उरकण्याची घाई होते आणि लांबीचा डबा उघडला जातो. चुकीचा हिशेब आणि अप्रामाणिक काम यांचे नाते असे जवळचे आहे.

यावर उपाय असा की, संपूर्ण गाडीचा एकच आकडा आरंभी देऊ नये. प्रथम फक्त उकलून तपासणी करण्याचा मोबदला घ्यावा. आढळलेल्या गंजाची छायाचित्रे मालकास दाखवून टप्प्याटप्प्याने लेखी अंदाज द्यावा आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम आगाऊ घ्यावी. नवा गंज उघडकीस आल्यास काम थांबवून मालकाची लेखी संमती घ्यावी. एक जाड वही ठेवून तीत रोजचे तास लिहावेत. पहिल्या वर्षाची ही वहीच पुढील अंदाजांचा पाया ठरते. नोकरी असल्यास वहीतील आकडे सुधारेपर्यंत ती सोडू नये.

जागा, हत्यारे आणि आरोग्य

आरंभी पक्की जमीन असलेली, दोन गाड्या मावतील एवढी शेड पुरते. डेंटिंगचे हातोडे व डॉली, ग्राइंडर, मिग वेल्डिंग यंत्र, कॉम्प्रेसर, स्टँड आणि अग्निशामक एवढी सामग्री प्रथम घ्यावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून दूर ठेवावी. रिकामी दिसणारी टाकी आतील वाफेमुळे स्फोट पावू शकते. तिला ठिणगी लावू नये.

आधुनिक दोन-घटकी रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडावर रुमाल बांधून याचे निवारण होत नाही. बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. ती सोय होईपर्यंत फवारणीचे काम रंगाचे बंदिस्त दालन असलेल्या कारखान्याकडे सोपवून आपण पत्र्याचे काम करावे, हेच शहाणपणाचे. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंग पांढुरका पडतो, हेही नियोजनात धरावे. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून रंग कोरडा घासू नये आणि ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. वापरलेले तेल व थिनर ओढ्यात किंवा जमिनीत न सोडता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.

कायद्याची चौकट

गाडी कामास घेण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी ग्राइंडर चालवू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. रंग बदलला तरी त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात व्हावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पुरातन मोटारींसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यानुसार 'व्हीए' ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळू शकतो. अशा गाड्यांचा नित्य किंवा व्यापारी वापर करता येत नाही. अर्थात, मूळ रूप न बदलता काम करणाऱ्या कारागिरास येथे महत्त्व आहे.

प्रशिक्षण आणि भांडवल

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत वेल्डर, शीट मेटल वर्कर, ऑटो बॉडी रिपेअर व ऑटो बॉडी पेंटिंग या व्यवसायांचा समावेश आहे. छंदातून आलेल्या कौशल्यास अशा शिस्तबद्ध शिक्षणाची जोड मिळाल्यास हात अधिक विश्वासार्ह होतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ मध्ये सेवा उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा २० लाख रुपये करण्यात आली. अर्जाच्या वेळी लागू असलेले नियम व अनुदानाचे प्रमाण जिल्हा उद्योग केंद्रात समजून घ्यावे. कर्ज मात्र वहीतील आकड्यांना झेपेल तेवढेच काढावे.

गावाची साथ

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांचा हातभार मोलाचा ठरेल. पुस्तकात मन न रमणारा पण यंत्रात रमणारा विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेस प्रथम पडतो. त्याला औद्योगिक प्रशिक्षणाची वाट दाखवावी आणि तासांची वही मांडण्यापुरते गणित आवर्जून शिकवावे. पंचायत सदस्यांनी वस्तीपासून थोड्या अंतरावर, विहिरी व ओढे यांपासून दूर अशी जागा सुचवावी. पुढे होणारी आवाजाची व रंगाच्या वासाची तक्रार त्यामुळे टळेल.

जुन्या गाडीत अनेकदा एखाद्या कुटुंबाच्या आठवणी असतात, आणि दुरुस्त होऊन ती बाहेर पडते तेव्हा तीत माणसे बसतात. रंगाखाली काय आहे हे गिऱ्हाइकास दिसत नाही. ते केवळ कारागिरास ठाऊक असते. जो तरुण न दिसणारे काम चोख करील आणि त्याचे योग्य दाम निःसंकोच मागेल, त्याचा छंद त्याच्या घराला आणि गावातील आणखी एक-दोन हातांना निश्चितच आधार देईल.