डबा ठेवण्यापूर्वी

महसूल खात्याच्या दफ्तरात उभी हयात घालवून निवृत्तीनंतर कागलास स्वस्थ बसलेल्या माझ्यासारख्या माणसाचा जिओकॅशिंग नामक खेळाशी संबंध यावा, असे वरकरणी काहीच कारण नव्हते. परंतु जमिनीचा तंटा निघाला की शेजारीपाजारी अद्यापि जुन्या मंडल अधिकाऱ्याच्या दारी येतात, आणि हा खेळ, मुळाशी गेले असता, जमिनीचाच विषय आहे.

खेळ तसा निष्पाप. स्थान दाखविणाऱ्या उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम राखलेली अशुद्धता अमेरिकी शासनाने २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली, आणि लगोलग, ३ मे रोजी, ऑरेगन प्रांतात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर नामक गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पुढे जगभर लोक असे डबे लपवू आणि शोधू लागले, तेव्हा जे नियम ठरले त्यांत पुरणे वर्ज्य झाले आणि जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आवश्यक ठरली. आमच्या तालुक्यातील एका गावी जे घडले ते या दुसऱ्या नियमाकडे कोणी पाहिले नाही म्हणून.

कोल्हापुरात शिकणाऱ्या काही तरुणांनी त्या गावच्या गायरानात, दगडांच्या एका ढिगाआड, झाकण घट्ट बसवलेला प्लॅस्टिकचा डबा ठेवला. जागा त्यांना ओसाड वाटली. परंतु ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चरतात, ज्याच्या कडेस काही घरे केव्हाची वसली आहेत, आणि ज्याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालापासून अतिक्रमणाच्या नोटिशीची धास्ती घरोघरी आहे, त्या माळावर हातात यंत्र घेऊन, चार पावले पुढे, दोन पावले मागे असे फिरणारे अनोळखी तरुण दिसले, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात खेळाचा विचार येणे शक्यच नव्हते. "मोजणी आलीया," असे एक म्हातारी ओरडली आणि तासाभरात पंचायतीपुढे माणसे जमली. शोधाशोधीत डबा सापडला, तेव्हा मोजणीची भीती जाऊन तिच्या जागी दुसरी, अधिक मोठी भीती आली. बेवारस वस्तूस हात लावू नये हे स्थानकावरील ध्वनिक्षेपकाने आपल्याला पुरते शिकविलेलेच आहे. पोलीस पाटलांनी ठाण्यास कळविले, रीतसर पंचनामा झाला, आणि आत एक वही, पेन्सिल व काही गोट्या निघाल्या. नुकसान कोणाचे झाले नाही. मात्र त्या तरुणांचे जबाब झाले, आणि पुढे कित्येक दिवस त्या शिवारात कोणत्याही विद्यार्थ्याचे, अगदी झाडे मोजावयास आलेल्याचेही, स्वागत संशयानेच झाले.

त्यानंतर ती मुले माझ्याकडे आली, आणि मी त्यांना जे सांगितले ते इतरांच्याही उपयोगी पडावे. प्रथम गट नंबर काढावा आणि सातबारा वाचावा. केवळ भोगवटादाराचे नाव नव्हे, इतर हक्काचा रकानाही. माळ डोळ्यांना एकच दिसतो, पण कागदावर त्याचा एक तुकडा गायरान, दुसरा वनखात्याचा आणि तिसरा देवस्थान इनाम असू शकतो, आणि तिन्हींचे दरवाजे निराळे. गायरानाची जमीन सरकारची, व्यवस्था बहुधा ग्रामपंचायतीची, म्हणून अर्ज तेथे. तळ्याच्या काठी ठेवावयाचे असल्यास तळे नगरपरिषदेकडे की पाटबंधारे खात्याकडे हे आधी विचारावे. राखीव वनात १९२७ च्या कायद्याने विनापरवाना शिरणेच गुन्हा आहे. राधानगरी अभयारण्यात, जेथे गवे आहेत, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणखी कडक. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तेथे तटाच्या फटीत डबा कोंबण्याचा विचारही करू नये. अशा ठिकाणी डब्याविना खेळता येणारा प्रकार आहे, ज्यात शोधणाऱ्याने खडक पाहून प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. पन्हाळ्याचा जांभा त्यासाठी उत्तम, पण तेथेही विचारून घ्यावे.

अर्ज लिहिताना आर्जवी भाषेपेक्षा तपशील द्यावा. डबा पारदर्शक, झाकणावर खेळाचे नाव, जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी, जागेचा नकाशा व छायाचित्र, मुदत, आणि मुदतीनंतर डबा कोण काढणार. एक प्रत पोलीस ठाण्यास, एक पोलीस पाटलांस, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक अवश्य घ्यावा, कारण ज्या अर्जाची पोच नाही तो अर्ज झालाच नाही असे समजणारे कारकून मी पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते. खाद्यपदार्थ ठेवू नयेत. दगडांच्या ढिगात हात घालावा लागेल अशी जागा निवडू नये. आमच्याकडे घोणस त्याच जागी विसाव्यास असते. परदेशातून सुटीस आलेल्या नातलगांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: स्थान दाखविणारे साधे यंत्र चालते, परंतु उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे यंत्र येथे परवान्याविना बाळगता येत नाही, आणि त्यापायी विमानतळावर अडविले गेलेले प्रवासी आहेत.

कायद्याच्या मालकाइतकाच वहिवाटीचा मालकही मानावा. ज्या धनगराची मेंढरे त्या माळावर रोज येतात, त्याच्याशी कोणताही कागद काढण्याआधी बोलावे. त्याची संमती कोठे नोंदली जात नाही, पण ती नसेल तर डबा आठवडाभरही टिकत नाही.

अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांनी आरंभी हे डबे नाकारले होते. खेळाडूंनी अधिकाऱ्यांशी बोलणी केली, वाटेतील कचरा उचलून नेण्याचा रिवाज पाडला, आणि पुढे काही उद्यानांत अधिकाऱ्यांच्या विवेकाधीन परवानगी मिळू लागली. हाच मुद्दा आम्ही पंचायतीपुढे मांडला, तेव्हा एका सदस्याने "ह्यात गावाला काय?" असे रोखठोक विचारले, आणि ओढ्याकाठचे प्लॅस्टिक दर फेरीस उचलण्याचे मुलांनी लिहून दिल्यावर ठराव झाला. जागा मात्र गायरानात नव्हे, शाळेच्या आवारात, मुख्याध्यापकांच्या नजरेखाली मिळाली. मुले हिरमुसली, कारण तेथे लपविण्याजोगे असे काही नाही. मुदत संपताच डबा काढून, काढल्याची लेखी पोच घेऊन मगच माळासाठी नवा अर्ज करावा, असे मी त्यांस बजावले आहे, आणि त्या अर्जातील गट नंबर मी स्वतः तपासणार आहे.