शांघायचे मोफत वायफाय : सिग्नल आहे, मग मेसेज का पोहोचत नाही?

आपल्याकडची बरीच मुलं डॉक्टरकी शिकायला चीनला जातात. पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून शांघाय शहराच्या उदाहरणातून तीन टप्पे समजून घेऊ.

१) सिग्नल शोधणे : शांघायमध्ये २०१२ पासून ‘आय-शांघाय’ नावाचे मोफत सार्वजनिक वायफाय आहे. कॅफेत पासवर्ड विचारायचा असेल तर चिनी शब्द आहे ‘मीमा’.

२) ओळख पटवणे : वायफाय जोडले की लगेच नेट चालू होत नाही. मोबाईल नंबर द्यावा लागतो, त्यावर एसएमएसने कोड येतो. चीनमध्ये सिमकार्ड खऱ्या नावानेच मिळते. म्हणजे नंबर हीच ओळख! चालू नंबर नसेल तर नवख्या माणसाची गाडी इथेच अडते.

३) ॲप चालणे : व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब तिथल्या नेटवर बंद आहेत. त्यामुळे वायफाय जोडलेले असूनही आईने पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक दिसते. मूल सुखरूप असते, फक्त मेसेज पोहोचलेला नसतो.

काय करावे?  निघण्यापूर्वीच भारतीय सिमचे रोमिंग चालू करून घ्या. कोडचा एसएमएस त्यावर येऊ शकतो. रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीमार्फत जात असल्याने त्यावर व्हॉट्सॲपही सहसा चालते.

वर्गात विचारा : ‘वायफाय जोडले’ आणि ‘मेसेज पोहोचला’ यांत फरक काय?