एक ‘एफ’ जास्त लावला तर?

प्रश्न : मी मल्लेश्वरममध्ये राहते आणि घरगुती मेतकूट, गोडा मसाला ऑनलाइन विकते. आमच्या नावात एक अक्षर वाढवून कुणीतरी वेबसाइट काढली आहे. ‘नाव मोकळं होतं, पैसे भरून घेतलं,’ असं त्याचं म्हणणं. आम्ही ट्रेडमार्क घेतलेला नाही. मग ते नाव त्याचं झालं का?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : पैसे भरले एवढ्यावर नाही झालं. आणि हे ठरवणारा खटला तुमच्याच बेंगळुरूच्या नगर दिवाणी न्यायालयात सुरू झाला होता.

सत्यम इन्फोवे कंपनीने स्वतःच्या नावातली अक्षरं जुळवून ‘सिफी’ हा शब्द घडवला आणि जून १९९९मध्ये ‘सिफीनेट डॉट कॉम’सारखी डोमेन नावं घेतली. २००१मध्ये दुसऱ्या एका कंपनीने मध्ये एक ‘एफ’ जास्त घालून ‘सिफ्फीनेट डॉट नेट’ घेतलं, पुढच्या वर्षी ‘डॉट कॉम’ही. बेंगळुरूच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला.

बचाव मजेदार होता. म्हणे, ‘सिफ्फी’ ही आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं! न्यायालयाने हा खुलासा अविश्वसनीय ठरवला. १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ या वेबसाइटने आपल्या नावातल्या इंग्रजी ‘ई’च्या जागी ‘ए’ घालणाऱ्याला खेचलं, तेव्हाही असाच आद्याक्षरांचा खुलासा आला होता आणि तोही टिकला नाही. नक्कल करणाऱ्यांची आद्याक्षरं नेमकी प्रसिद्ध नावाशीच कशी जुळतात, कोण जाणे.

दोघांचे धंदे वेगळे आहेत, हाही एक मुद्दा होता. बाजारपेठेत तो कधी कधी चालतो. एकाच नावाचं कापडाचं दुकान आणि सायकलचं दुकान शेजारी शेजारी सुखाने नांदतात. इंटरनेटवर मात्र एक पत्ता एकालाच मिळतो आणि तो जगात कुठूनही उघडतो. एक अक्षर चुकलं की माणूस भलत्याच दारात जातो आणि तिथे हवी ती वस्तू मिळाली नाही, तर मूळ दुकानदाराला नावं ठेवून परततो. म्हणून डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, ती धंद्याची ओळख आहे आणि तिला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे, असं न्यायालय म्हणालं.

डोमेन नावांसाठी वेगळा कायदा तेव्हा नव्हता. कामाला आलं ते ‘पासिंग ऑफ’चं जुनं तत्त्व : दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये. त्याला ट्रेडमार्कची नोंदणी लागत नाही, पुरावा मात्र भरपूर लागतो. नाव कधीपासून वापरता, किती गिऱ्हाइकं तुम्हाला त्या नावाने ओळखतात, हे बिलं आणि ऑर्डरींवरून दाखवावं लागेल. कुणी चुकून त्यांच्याकडे ऑर्डर टाकून ‘पार्सल कुठे अडकलं?’ असं तुम्हाला विचारलं असेल, तर तो मेसेज जपून ठेवा. शंभर युक्तिवादांपेक्षा तो बोलका आहे.

तुमचं नाव काय, हे तुम्ही कळवलेलं नाही. ‘सिफी’सारखं घडवलेलं असेल तर बाजू भक्कम. ‘घरगुती मसाले’ छापाचं असेल तर अवघड आहे, कारण सगळ्यांच्या वापरातले शब्द कुणा एकाला बहाल करायला न्यायालयं राजी नसतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

कोर्टाची पायरी टाळायची असेल तर ‘डॉट इन’च्या तक्रारी त्या नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘निक्सी’ संस्थेच्या लवादाकडे जातात. ‘डॉट कॉम’साठी जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, जाता येतं, पण तिथे एका पंचाच्या सुनावणीचं शुल्कच १,५०० डॉलर आहे आणि निकालात नाव परत मिळतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाई नाही. त्यापेक्षा ट्रेडमार्कचा अर्ज आधी करून टाका. बेंगळुरू चेन्नईच्या कार्यालयाखाली येतं, अर्ज ऑनलाइन होतो, मसाले ३०व्या वर्गात मोडतात आणि व्यक्तीला एका वर्गाचं शुल्क ४,५०० रुपये पडतं.