गच्चीवरचे ऊन कोणाच्या वाट्याचे?

आपल्या उपनगरांतील सोसायट्यांच्या सभांत 'सोलर'चा विषय निघतो आणि चहा येईपर्यंत बारगळतो. वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची धास्ती, तर तळमजल्यावरच्यांचा प्रश्न, "गच्ची वर, आम्हांला काय मिळणार?" आम्हांला दोन्ही शंका रास्त वाटतात. म्हणून आज थोडा हिशेब मांडू या.

सूर्यापासून उष्णता घेण्याचे यंत्र वेगळे आणि वीज घेण्याचे वेगळे. बंबाच्या नळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. पंप लागत नाही. सुमारे दोन चौरस मीटरच्या बंबावर चांगल्या उन्हात १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापते. तेवढ्यासाठी गिझरला साधारण ४ युनिट वीज लागते. तितक्याच आकाराच्या वीज देणाऱ्या पॅनेलवर दिवसाला जेमतेम दीड युनिट मिळते. तेव्हा पॅनेलची वीज करून तिच्यावर गिझर चालवणे म्हणजे द्राविडी प्राणायाम!

मात्र उंच इमारतीत गरम पाणी खाली पोहोचेपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जाते. गावठाणातील बैठ्या घरांना बंब उत्तम. पण भरलेल्या टाकीचा भार कौलांवर नको, स्लॅब हवा.

आता वीज. सात मजले, २८ घरे आणि २५०० चौरस फुटांची गच्ची धरू. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा जाता निम्मी जागा उरते. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट लागतात. म्हणजे १२ किलोवॅट, वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४८ युनिट. पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. घरटी वाटले तर दोन युनिटही येत नाहीत. पण हीच वीज पंप, लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांकडे वळवली, तर सामायिक बिल चांगलेच उतरते. मेंटेनन्स तळमजलाही भरतो, तेव्हा फायदा त्यालाही आहेच. उरलेली वीज नेट मीटरमधून बिलात वळती होते. त्यासाठी मुलुंडकरांनी महावितरणकडे, अंधेरी-बोरिवलीकरांनी अदानी वा टाटा यांच्याकडे अर्ज करायचा. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरले. आपल्या उदाहरणात ते २,१६,००० रुपये होते.

राहिली गळती. व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छतावरील काँक्रीटचे तक्ते जीर्ण झाले होते. ते बदलायचेच, तर त्यांच्या जागी २००८ साली सुमारे २४०० सौर पॅनेल बसवण्यात आली. आपणही गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी उरकावे, मगच पॅनेलचे सांगाडे उभारावेत. स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ते उभे राहतात का, हे ठेकेदाराला विचारावे. वाऱ्याचा जोर इंजिनियरकडून तपासून घ्यावा.

आणखी एक. बॅटरी नसलेला साधा संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ही सोय असते. लिफ्टसाठी जनरेटर असेल तर तो विकू नका.