घराण्याचे मूळ शोधताना



हल्ली आपल्याकडे कुटुंब मेळावे पुष्कळ होऊ लागले आहेत. चार-पाच पिढ्यांची माणसे एकत्र येतात, मिस्सा होते, जेवण होते आणि मग एक भला मोठा फ्लेक्स उलगडला जातो. त्यावर घराण्याची वंशावळ असते. या वंशावळीसाठी जुन्या नोंदी मागायला कार्यालयात इतकी माणसे येत आहेत, की प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहावे असे ठरवले.

येणाऱ्यांपैकी काहींचा पहिला प्रश्न असतो, ‘फादर, आमचे मूळ पोर्तुगीज ना?’ काहींचा असतो, ‘फादर, आम्ही मूळचे ब्राह्मण ना?’ दोघांच्याही हातात पुरावा म्हणून बहुधा आडनाव तरी असते नाहीतर आजीने सांगितलेली गोष्ट. आजीची गोष्ट जरूर लिहून ठेवावी. आडनावाबद्दल मात्र सावध राहावे. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ होता. त्या काळात स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या पाद्रीचे आडनाव घेण्याची पद्धत होती. त्यामुळे ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा घरांनाही एकच आडनाव मिळाले. म्हणून डिमेलो आडनावावरून लिस्बन गाठता येत नाही, आणि शेजारच्या गावातला डिमेलो आपला भाऊबंद आहे असेही ठरत नाही.

हा गोंधळ जुनाच आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्या लोकांची यादी आहे. त्यात एका घराण्याच्या मूळपुरुषाने बर्जिल्लयच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याचे नाव घेतले होते. पुढे त्याच्या वंशजांनी याजकपदावर हक्क सांगितला तेव्हा वंशावळीच्या नोंदीत त्यांची नावे सापडली नाहीत, आणि त्यांना बाजूला ठेवण्यात आले. नोंद नसली की काय होते हे तेव्हापासून माणसाला माहीत आहे.

आता जनगणनेबद्दल. परदेशात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, ‘माझ्या आयरिश सहकाऱ्याने त्याच्या पणजोबांचा १९११च्या जनगणनेचा फॉर्म मला फोनवर दाखवला. घरात किती माणसे, वय काय, लिहिता-वाचता येते का, सगळे त्यात. आपल्याकडेही जनगणना इंग्रजांनीच सुरू केली, मग आपला फॉर्म कुठे मिळेल?’ मिळणार नाही. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११च्या घरोघरच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत, इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी खुल्या होतात. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२च्या सुमारास आणि देशभर एकाच वेळी झालेली १८८१मध्ये. पण सरकारला हवे होते आकडे. कोणत्या तालुक्यात कोणत्या धर्माची किती माणसे हे छापील खंडांत आहे, माणसांची नावे जतन केली गेली नाहीत. शिवाय १९४८च्या जनगणना कायद्याप्रमाणे घरोघर भरलेली माहिती पाहण्याचा हक्क कोणालाच नाही. तेव्हा ‘जनगणनेतून वंशावळ काढून देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

मग आपल्याकडे नावानिशी नोंद कोणी ठेवली? मुख्यतः चर्चने. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये प्रत्येक धर्मगुरूला विवाहाची वही ठेवणे बंधनकारक केले: वधूवरांची नावे, साक्षीदार, दिवस, ठिकाण. १६१४च्या रोमन विधिग्रंथात स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींचे नमुने दिले गेले, आणि पाचवी एक वही सांगितली, घरागणिक माणसांची. आपली फॅमिली कार्डे त्याच वहीची नात म्हणायला हरकत नाही. चर्चची ती स्वतःची जनगणनाच.

शोधाची दिशा नेहमी आपल्यापासून मागे. पोर्तुगीज काळातला एखादा पूर्वज धरून खाली उतरायला गेलात तर हमखास चुकाल. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदीत आईवडिलांची नावे असतात. त्यांच्या विवाहाची नोंद काढा. तिथे त्या दोघांच्या वडिलांची नावे, वय आणि गाव मिळते. वयावरून जन्माचे साल ताडून त्यांच्या स्नानसंस्काराची पाने उलटा. १९०८पासून आणखी एक सोय झाली आहे: विवाह झाला की त्याची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात लिहावी असा नियम आला. त्यामुळे एकाच नावाची तीन मुले असली तरी आपले आजोबा कोणते हे समासावरून ओळखता येते. विवाह बहुधा वधूच्या चर्चमध्ये होई, म्हणून आजीचे माहेर माहीत नसेल तर शोध तिथेच अडतो. आणि माझा अनुभव असा, की वंशावळीत नेमके आजीचेच माहेर कोणी लिहिलेले नसते!

विवाहाच्या जुन्या नोंदीत सर्वांत मोलाची असते ती नात्याच्या सुटीची ओळ. गावठाण लहान, सोयरिकी जवळच्या. १२१५पासून चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई होती, १९१८पासून ती तिसऱ्या पायरीपर्यंत आली. सूट घेतली की ती नोंदवली जाई. ‘तिसऱ्या पायरीचे नाते’ असे लिहिले असेल तर वधूवरांचे एक पणजोबा-पणजी सामाईक होते असे समजावे. अशा एका ओळीने दोन घराण्यांची तुटलेली वंशावळ जुळते. मात्र १९८३च्या कायदेसंहितेत पायऱ्या मोजण्याची रीत बदलली आहे. आज ‘चौथी पायरी’ म्हणजे चुलत, मावस, आते-मामे भावंडे, जुन्या हिशेबाने ती दुसरी. नवे गणित जुन्या वहीला लावू नका.

भाषेची भीती बाळगू नये. १९२८पर्यंत आपला भाग पोर्तुगीज पाद्रोआदोखाली असल्याने जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये सापडतात, काही लॅटिनमध्ये. शब्द मोजकेच असतात. ‘फिल्यो’ म्हणजे मुलगा, ‘विऊवा’ म्हणजे विधवा, ‘पाद्रीन्यो’ म्हणजे धर्मपिता. वाळवीने पान खाल्ले असेल तर तलाठ्याकडचे वारस फेरफार, गाव नमुना १४ आणि मराठी शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. महसुली कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधावा लागेल.

आणखी दोन शब्द आहेत: ‘पाइस इन्कॉग्नितोस’. आईवडील अज्ञात. माझ्या आधीच्या धर्मग्रामातली ही हकिगत त्या घराच्या परवानगीने सांगतो. मेळाव्यासाठी पणजोबांचा शोध चालला होता. विवाहाच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचे नाव व्यवस्थित होते. स्नानसंस्काराची नोंद १९००ची निघाली. वय सुमारे चार वर्षे आणि पुढे ते दोन शब्द. विवाहाच्या वेळी वडील म्हणून लिहिलेले नाव धर्मपित्याचे होते, आडनावही त्यांचेच. १८९९-१९०० हा मोठ्या दुष्काळाचा काळ, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. नोंदीत दुष्काळाचा उल्लेख नाही, तो अंदाज माझा.

घरातले थोरले काका बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे आम्ही त्या घरचे नाहीच?’ सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘मी कोण’ या प्रश्नावर मी पानेच्या पाने लिहिली होती. त्यातले एकही वाक्य तेव्हा उपयोगी पडले नाही. मी एवढेच दाखवले की त्या मुलाला ज्याने हाताला धरून इथवर आणले, त्याचे नाव वहीत दोनदा आहे. घरात दोन तट पडले. तरुण मंडळींना खरे ते छापायचे होते, मोठ्यांना सोयरिकींची काळजी. ‘फादर, ही ओळ खोडता येईल का?’ असेही एकाने विचारले. खोडता येत नाही. शेवटी फ्लेक्सवर पणजोबांच्या वर धर्मपित्याचे नाव आले आणि त्याखाली ‘सांभाळ केला’ असे दोन शब्द. काका मेळाव्याला आले, पण फोटोला उभे राहिले नाहीत.

याच कारणाने मूळ वह्या कोणाच्या हाती दिल्या जात नाहीत, आणि पानांचे फोटो काढू दिले जात नाहीत. त्या पानावर आपल्या घराच्या वर-खाली दुसऱ्यांची घरे असतात. आपल्या घरची नोंद आम्ही शोधून देऊ, उताराही देऊ. येताना आजी-आजोबांची पूर्ण नावे, आळी, लग्नाचे अंदाजे साल आणि दोन्ही आज्यांचे माहेर लिहून आणावे. घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती सोबत आली तर फार बरे, तिला चर्चच्या पायऱ्या चढणे जमत नसेल तर मला निरोप द्यावा, वहीतले टिपण घेऊन मी घरी येईन.