एका डोळ्याचा आजार

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा एक डोळा अधू होऊ लागला, तरी ते सहसा तक्रार करीत नाही. दुसऱ्या डोळ्याच्या बळावर ते धावते, चित्रे रंगवते, फळ्यावरची अक्षरेही वाचते. मग एके दिवशी आईला त्याचा डोळा तिरळा वाटतो, किंवा छायाचित्रात एका बाहुलीत पिवळट-पांढरी चमक दिसते आणि धावपळ सुरू होते.

अशा चमकेमागे असू शकणाऱ्या एका दुर्मिळ रोगाचे वर्णन लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील जॉर्ज कोट्स या नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली केले. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आत, मागील बाजूस असलेला प्रकाश टिपणारा पातळ पडदा. कोट्स रोगात त्यातील काही सूक्ष्म रक्तवाहिन्या जागोजागी फुगतात व पाझरू लागतात. पाझरलेला द्रव आणि त्यातील स्निग्ध द्रव्य पडद्यात व पडद्याखाली साचते आणि अखेर पडदाच जागेवरून सुटतो. हा रोग बहुधा मुलग्यांना, बहुधा बालपणी आणि बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होतो. तो सहसा वारशाने येत नाही.

खरी अडचण निदानाची आहे. बाहुलीतील पांढरी चमक हे रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या कर्करोगाचेही लक्षण असते, आणि तोही पुष्कळदा एकाच डोळ्यात होतो. एका रोगात डोळा वाचवायचा असतो, दुसऱ्यात आधी जीव. शरीरात अन्यत्र गाठ असेल, तर सुईने तुकडा काढून तपासता येतो. येथे तो मार्ग बंद आहे. कर्करोग असेल, तर सुईच्या छिद्रातून त्याच्या पेशी डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका असतो. म्हणून डोळ्याला छेद न देता, केवळ पाहून निर्णय घ्यावा लागतो.

लहान मुलाला भूल देऊन दोन्ही डोळे तपासतात. दुसरा डोळा निरोगी दिसतो म्हणून तो सोडून देणे ही मोठी चूक ठरेल; त्यातही रक्तवाहिन्यांचे दोष आढळले, तर वेगळ्याच, आनुवंशिक रोगाचा विचार करावा लागतो. ध्वनिलहरींच्या तपासणीत घन गाठ व तीत कॅल्शियमचे कण आढळले, तर संशय कर्करोगाकडे झुकतो. फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य शिरेतून देऊन दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतली, की पाझरणाऱ्या वाहिन्या उजळून दिसतात. मानवी डोळ्यातील या तंत्राची माहिती नोव्होटनी व अल्विस यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली.

रोग लवकर ओळखला, तर लेसरने किंवा अतिशीत उपचाराने या वाहिन्या बंद करता येतात. उशीर झाला, तर पडदा सुटलेला असतो. दृष्टी गेलेली आहे आणि कर्करोगाची शंका काही केल्या फिटत नाही, अशा वेळी डोळा काढण्याचा कठीण निर्णय आजही घ्यावा लागतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत हा उशीर टाळणारी पहिली तपासणी मात्र साधीच असते: एक डोळा तळहाताने झाकायचा आणि दुसऱ्याने भिंतीवरील अक्षर वाचायला सांगायचे, मग हात बदलायचा.