मावशीचं घर जवळ, तरी मुक्काम हॉटेलातच का?

प्रश्न : माझी मोठी मुलगी डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते आणि धाकटी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला. मोठीची मुलगी तेरा वर्षांची आहे, क्लबकडून व्हॉलीबॉल खेळते. तिची स्पर्धा ह्यूस्टनला ठरली तेव्हा आम्हाला आनंद झाला, कारण सगळे मावशीकडेच उतरतील असं वाटलं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तसं चालत नाही. आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलांपैकीच एकात, त्यांच्याच लिंकवरून खोली घ्यावी लागते. नाहीतर संघालाच खेळू देत नाहीत.’ हक्काचं घर असताना हा भुर्दंड कशासाठी? आणि पाहुण्यानं कुठे झोपायचं, हे खेळ भरवणाऱ्यांनी का ठरवावं? — एक आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, मुलीनं सांगितलं ते खरं आहे. अमेरिकेत या नियमाला ‘स्टे टू प्ले’ म्हणतात. व्हॉलीबॉल, सॉकर, बेसबॉल, सॉफ्टबॉल, लॅक्रॉस, चिअरलीडिंग अशा खेळांत क्लबचे संघ शनिवार-रविवार परगावी जाऊन खेळतात आणि त्यांतल्या कितीतरी स्पर्धांना हा नियम असतो. ठरावीक अंतराच्या पलीकडून येणाऱ्या प्रत्येक संघानं आयोजकांनी नेमलेल्या निवास कंपनीमार्फतच खोल्या घ्यायच्या. जवळपासच्या संघांना सूट मिळते. डॅलसहून ह्यूस्टन साधारण पावणेचारशे किलोमीटर, त्यामुळे तुमच्या नातीचा संघ सुटणार नाही हे उघड आहे.

आपल्या पिढीनं पाहिलेल्या शालेय राज्यस्तरीय स्पर्धांशी हे ताडून पाहिलं की गोंधळ होतो. तिथे यजमान शाळा वर्ग रिकामे करून द्यायची, बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकायची आणि पंगतीत जेवण वाढायची. सोय अगदीच साधी असे, पण ती करणं हे यजमानाचं काम होतं आणि त्याचा खर्चही यजमानाच्या हिशेबात धरलेला असे. अमेरिकेतल्या क्लबच्या खेळात मुक्काम हा यजमानाचा खर्च नाही, तो उत्पन्नाचा भाग आहे. एवढं ध्यानात घेतलं की बाकीचं कोडं सुटतं.

सुरुवात शहरापासून करू. हॉटेलच्या भाड्यावर कर असतो आणि ह्यूस्टनमध्ये तो एकूण १७ टक्के आहे : राज्याचे ६, शहराचे ७, कौंटीचे २ आणि क्रीडा प्राधिकरणाचे २. टेक्सासच्या कायद्यानुसार शहरांनी आपल्या वाट्याचा कर पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय वाढेल अशाच कामांवर खर्च करायचा असतो. त्यामुळे एखादी स्पर्धा आपल्या गावी यावी म्हणून शहराचं पर्यटन मंडळ सभागृहाचं भाडं कमी करतं किंवा अनुदान देतं, तेव्हा त्याला एकच हिशेब दाखवावा लागतो, तो म्हणजे यातून किती खोल्या किती रात्री भरल्या. एक खोली एक रात्र भरली की एक ‘रूम नाइट’. मॅच किती चुरशीची झाली, मुली किती छान खेळल्या, याला या हिशेबात जागा नाही. तुमची मुलगी-जावई मावशीकडे उतरले तर शहराच्या वहीत ते आलेच नाहीत.

मोठ्या सभागृहात व्हॉलीबॉल भरवायचं म्हणजे काय, हेही डोळ्यांसमोर आणा. ह्यूस्टनचं जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटर १९८७ साली उघडलं. मुळात ते प्रदर्शनांसाठी आणि परिषदांसाठी बांधलेलं. अशा जागेची जमीन काँक्रीटची असते. तिच्यावर प्लास्टिकच्या चौकटी एकमेकींत अडकवून कोर्टामागून कोर्ट अंथरायचं, खांब-जाळ्या उभ्या करायच्या, पंच आणायचे, विमा काढायचा. हा खर्च खराच असतो. संघाकडून घेतलेल्या प्रवेश फीमध्ये तो भागवायचा तर फी वाढवावी लागेल आणि फी वाढली की संघ दुसऱ्या स्पर्धेकडे वळतील, अशी आयोजकांना धास्ती असते.

म्हणून उरलेला पैसा हॉटेलमधून काढला जातो. आयोजक किंवा त्यांची निवास कंपनी हॉटेलांशी करार करते : अमुक इतक्या खोल्या अमुक दरानं आमच्यासाठी राखून ठेवा. यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. करारात सहसा अट असते की राखलेल्यांपैकी बहुतेक खोल्या भरल्याच पाहिजेत, पुष्कळदा ८० टक्के. कमी भरल्या तर फरकाचे पैसे आयोजकाच्या माथी. म्हणूनच ‘जमलं तर आमच्या हॉटेलात उतरा’ अशी विनंती करून त्यांचं भागत नाही, सक्ती करावीशी वाटते. त्याबदल्यात हॉटेल निवास कंपनीला कमिशन देतं, सर्वसाधारणपणे भाड्याच्या १० टक्के. शिवाय प्रत्येक रूम नाइटमागे ठरावीक डॉलर आयोजकाला परत जातात, ते ‘रिबेट’.

नुसता अंदाज यावा म्हणून मांडून पाहू. शंभर संघ, संघागणिक दहा खोल्या, दोन रात्री : झाल्या २,००० रूम नाइट्स. दर रात्रीमागे १० डॉलर रिबेट धरला तर २०,००० डॉलर होतात. भाडं १६९ डॉलर धरलं तर १० टक्के कमिशनचे आणखी ३३,८०० डॉलर. हे आकडे माझे, समजण्यापुरते घेतलेले आहेत. पण स्पर्धेची हॉटेलं चालवणं हा स्वतंत्र धंदा का झाला, ते यावरून उमगेल.

आता तुमच्या मुलीच्या हाती पडणारी पावती पाहा. खोली १६९ डॉलर. त्यावर १७ टक्के कर, २८ डॉलर ७३ सेंट. म्हणजे रात्रीचे १९७ डॉलर ७३ सेंट, दोन रात्रींचे ३९५ डॉलर ४६ सेंट. शहराच्या मध्यभागी असाल तर गाडी लावायचे पैसे वेगळे. कराची रक्कम पावतीवर सेंटपर्यंत दिलेली असते. पण त्या १६९ मधले किती हॉटेलला राहिले, किती निवास कंपनीला गेले आणि किती आयोजकाकडे परतले, याचा उल्लेख कुठेच नसतो. माझा आक्षेप आहे तो इथे. स्पर्धा भरवायला पैसे लागतात, ते खेळणाऱ्यांच्या घरच्यांनी द्यावेत, हे मला मान्य आहे. पण हॉटेलच्या भाड्यात मिसळून घेतलेली फी ही फीच असते आणि ती फी म्हणूनच सांगितली पाहिजे. किती आहे हे कळलं तर आईबाप ठरवतील की ही स्पर्धा परवडते की नाही. ते न सांगता, मुलीचं खेळणं पणाला लावून पैसे घेणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. भरपूर कमावणारं कुटुंब एरवीही हॉटेलातच उतरलं असतं, त्याचं काही बिघडत नाही. ज्यांना नातेवाइकांकडे राहून, डबा बरोबर नेऊन, एका गाडीत दोन कुटुंबं बसवून खर्च आवरता आला असता, त्यांचाच मार्ग बंद होतो. अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकी कुटुंबानं एका मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले, २०१९ च्या तुलनेत ४६ टक्के जास्त. क्लबचा संघ घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांचा खर्च याच्या कितीतरी पट होतो. तेरा वर्षांची मुलगी खेळ सोडते तेव्हा कारण दर वेळी गुडघा किंवा अभ्यास नसतो.

आयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. संघ एकत्र राहिला तर मुलींवर लक्ष राहतं, वेळापत्रक बदललं तर निरोप लगेच पोचतो, ऐन वेळी खोल्या संपल्या म्हणून कुणी अडकत नाही. यात तथ्य आहे. पहाटे साडेपाचला हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या बारा मुली वॉफलच्या यंत्रापुढे रांगेत उभ्या असतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, आठच्या मॅचबद्दल कुजबुजतात. तुमच्या नातीला पुढे स्कोअर आठवणार नाही, ही पहाट आठवेल. ते सुख खरं आहे. ते विकत घ्यायचं की नाही, हे मात्र घरच्यांनी ठरवायला हवं.

राहता राहिली मावशी. तिच्याकडे जाण्याची वाट अगदीच बंद नसते. पुष्कळ स्पर्धांची अट माणशी नसते, संघामागे किमान इतक्या खोल्या अशी असते. क्लबनं तेवढ्या भरल्या असतील तर एखादं कुटुंब नातेवाइकांकडे राहिलं तरी अडत नाही. काही ठिकाणी सूट मागायचा अर्ज असतो. काही ठिकाणी दंडवजा रक्कम भरून मोकळं होता येतं, तिला ‘बायआउट’ म्हणतात. पण हे सगळं नोंदणीच्या आधी, क्लबच्या संचालकांमार्फत विचारायचं. आईनं परस्पर मावशीकडे मुक्काम केला आणि तपासणीत खोल्या कमी भरल्या, तर फटका तिला एकटीला नाही, सगळ्या संघाला बसतो. तुमच्या मुलीनं मुकाट्यानं खोली घेतली, तिचं कारण बहुधा हेच. दुसऱ्यांच्या मुलींचं खेळणं तिला धोक्यात घालायचं नव्हतं.

प्रश्न : ही सक्ती कायद्यात बसते का? एक वस्तू हवी तर दुसरीही घ्या, याला बंदी आहे ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : सरसकट बंदी नाही. मंगल कार्यालय घेताना ‘केटरर आमचाच घ्यावा लागेल’ असं सांगतात, तसाच हा प्रकार आहे. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात अशा जोडसक्तीचा उल्लेख कलम ३(४) मध्ये आहे, पण त्यामुळे बाजारातल्या स्पर्धेला जाणवण्याइतकी बाधा येत असेल तरच ती बेकायदा ठरते. अमेरिकेत १८९० चा शर्मन कायदा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये जेफरसन पॅरिश हॉस्पिटलच्या खटल्यात मुख्य कसोटी सांगितली : सक्ती करणाऱ्याच्या हाती पहिल्या वस्तूच्या बाजारात पुरेशी ताकद आहे का? शंभर स्पर्धांपैकी एक भरवणाऱ्याच्या हाती ती नसते, कारण तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. पण राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता एखाद्याच दारातून मिळत असेल, तर प्रश्न गंभीर होतो.

चिअरलीडिंगमध्ये नेमकं हेच कोर्टापुढे आलं. त्या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी व्हार्सिटी. तिच्याविरुद्ध २०२० मध्ये टेनेसीच्या फेडरल कोर्टात दावे दाखल झाले. तक्रार अनेक गोष्टींची होती आणि ठरवून दिलेल्या हॉटेलांची सक्ती ही त्यांतली एक. संघ चालवणाऱ्या जिम आणि प्रेक्षक यांच्या दाव्यात २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरवर तडजोड झाली, पालकांच्या दाव्यात २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाखांवर. कंपनीनं दोष मान्य केला नाही आणि हे दावे सुनावणीपर्यंत गेले नाहीत, त्यामुळे हॉटेलसक्ती बेकायदा की कायदेशीर, याचा निवाडा त्यांतून मिळाला नाही. पालक मात्र एकत्र आले की मोठ्या कंपनीलाही वाटाघाटीला बसावं लागतं, एवढं दिसलं.

आणखी एक बदल उपयोगाचा आहे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे. हॉटेलांना सक्तीचे सगळे आकार धरून एकूण दर आधीच दाखवावा लागतो. सरकारी कर त्यातून वगळता येतात. पूर्वी ‘रिसॉर्ट फी’ शेवटच्या पायरीवर निघायची, ते आता चालत नाही. रिबेट मात्र भाड्याच्या पोटातच असतो, त्यामुळे तो या नियमानंही उघडा पडत नाही.

प्रश्न : आमच्या मुलाची सॉकर स्पर्धा आहे. ठरवलेल्या हॉटेलची तीच खोली बाहेरच्या साइटवर स्वस्त दिसते. काय करावं? — एक आई, न्यू जर्सी

उत्तर : आधी दोन्हीकडचा कर आणि पार्किंग धरून एकूण आकडा काढा आणि रद्द करायची मुदत पाहा. बाहेरची स्वस्त खोली पुष्कळदा पैसे परत न मिळणारी असते आणि सॉकर पावसावर अवलंबून. तरीही फरक उरला तर त्या पानाचं छायाचित्र, तारखेसकट, संघाच्या व्यवस्थापकामार्फत निवास कंपनीला पाठवा. आपला दर सर्वांत कमी असल्याचं ती सांगत असेल, तर तो शब्द तिनं पाळायला हवा आणि हॉटेलशी बोलून दर उतरवून घेणं तिला जमतं. एकेकट्यानं बाहेरून खोली घेऊ नका, ती संघाच्या मोजणीत धरली जाणार नाही.

पुढच्या हंगामाआधी क्लबच्या पालकसभेत हे लेखी विचारा : कोणत्या स्पर्धांना ही सक्ती आहे, संघामागे किमान किती खोल्या, बायआउट किती, आणि रिबेटमधला काही वाटा क्लबलाही मिळतो का. मिळत असेल तर तो गरजू मुलांच्या फीकडे वळवा, असा ठराव त्याच सभेत मांडा. ज्या स्पर्धा हॉटेलसक्ती न करता थोडी जास्त फी उघडपणे घेतात, त्यांची नावं त्या सभेत आधी वाचा आणि वेळापत्रक भरायला तिथून सुरुवात करा.